बंगल्यातलं कपाट घरी आणण्याआधी

दिवाळी जवळ आली की तुंगार्लीतल्या बंगल्यांची रंगरंगोटी सुरू होते आणि जुनं सामान बाहेर निघतं. ड्रॉवरचं कपाट, लहान मुलाची कॉट, दिवाण, कधी दोन मजली पलंग. ‘‘ताई, तुमच्या मुलांना होईल, घेऊन जा,’’ असं मालकीणबाई म्हणतात. आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया या बंगल्यांत कामाला जातात, घरचे पुरुष माळीकाम करतात. टेम्पोचं भाडं दिलं की सामान घरात येतं.

लहान मुलाला वेगळी खोली आपल्यापैकी फार थोड्यांकडे असते. एका खोलीचा एक कोपरा, तीच त्याची झोपायची आणि खेळायची जागा. म्हणून त्या कोपऱ्यात काय ठेवायचं, हे आपल्याला जास्त जपून ठरवावं लागतं.

मागे वस्तीतल्या एका घरी असंच चार ड्रॉवरचं कपाट आलं होतं. अडीच वर्षांच्या मुलानं खालचे दोन ड्रॉवर ओढले, त्यांवर पाय ठेवला आणि वरची गाडी घ्यायला हात घातला. अख्खं कपाट पुढं आलं. समोर लोखंडी पलंग होता, त्याच्या कडेवर ते अडकलं, म्हणून मूल वाचलं. कपाळाला तीन टाके पडले. आई आम्हाला म्हणाली, ‘‘मी इथंच भाकरी करत होते हो.’’ तिचा दोष नव्हता. कपाट पडायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि ते पडू शकतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कपाट पडतं कसं?

ड्रॉवर बंद असतात तेव्हा कपाटाचं वजन त्याच्या पायांवर असतं. दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडले की ते वजन पुढं सरकतं. त्यात मूल ड्रॉवरवर चढलं की तोल गेलाच. मुलाला ते ड्रॉवर म्हणजे जिन्याच्या पायऱ्याच वाटतात.

हे फक्त जुन्या सामानात होतं असं नाही. 2016 साली अमेरिकेत आयकिया या मोठ्या कंपनीला ड्रॉवरची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत घ्यावी लागली, कारण अशी कपाटं अंगावर पडून मुलं दगावली होती. ज्यांची मुलं गेली त्या आईबापांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर डिसेंबर 2022 मध्ये तिथं कपाटाच्या स्थिरतेचा कायदा झाला. आता 27 किलोपर्यंतचं मूल ओढेल किंवा चढेल हे धरून कपाटाची चाचणी घ्यावी लागते.

आपण घरच्या घरी ही परीक्षा घेऊ शकतो. मूल बाहेर असताना सगळे ड्रॉवर पूर्ण उघडा. कपाट दुसऱ्या माणसाला मागून धरायला सांगा आणि वरच्या ड्रॉवरच्या पुढच्या कडेवर हातानं हळूहळू भार द्या. कपाटाचे मागचे पाय उचलले गेले तर ते भिंतीला बांधल्याशिवाय घरात ठेवायचं नाही.

बांधायचं म्हणजे कपाटाच्या वरच्या बाजूला लोखंडी एल पट्ट्या लावून भिंतीत प्लग आणि स्क्रू मारायचे. पट्टी कपाटाच्या मागच्या पातळ फळीला लावू नका, ती निघून येते. जाड फळीला लावा. घर पत्र्याचं असेल तर पत्र्यात स्क्रू मारून उपयोग नाही, आतल्या लोखंडी अँगलला किंवा लाकडी वाशाला पकडा. जड वस्तू खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. कपाटावर टीव्ही, खेळणी, बिस्किटाचा डबा ठेवू नका. मूल त्यासाठीच चढतं.

कॉट, झोळी आणि दिवाण

कॉट मिळाली तर आधी मोजपट्टी घ्या. दोन दांड्यांमधलं अंतर 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. नाहीतर बाळाचं अंग बाहेर घसरतं आणि डोकं आत अडकतं. गादी आणि कॉटच्या कडेमध्ये दोन बोटांहून जास्त फट नको. ज्या कॉटची एक बाजू वरखाली सरकते, ती घेऊ नका. सरकपट्टी झिजली की ती बाजू एका टोकानं सुटते आणि बाळ त्या फटीत अडकतं. अमेरिकेत जून 2011 पासून अशा कॉट विकायला बंदी आहे. बंगल्यांत परदेशातून आणलेल्या जुन्या कॉट असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहोत.

एक वर्षाखालच्या बाळाला उताणं झोपवावं, गादी घट्ट असावी. उशी नको, राईचीसुद्धा नको. मऊ खेळणी आणि जाड दुलई बाळाच्या तोंडाजवळ नको.

साडीची झोळी आपल्या घराघरांत आहे. तान्ह्या बाळासाठी हूक आणि दोर रोज ओढून पाहावा. बाळ कुशीवर वळायला, उठून बसायला लागलं की झोळी बंद करावी. त्याहून मोठा धोका थोरल्या भावंडांना आहे. रिकाम्या झोळीत मुलं झोका घेतात, गोल फिरतात आणि साडीचा पीळ गळ्याभोवती बसतो. असे मृत्यू आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. बाळाला उचललं की झोळी सोडून ठेवा, किंवा उंच गुंडाळून ठेवा.

बॉक्सचा दिवाण आणि जुनी मोठी पेटी यांचं झाकण बघा. लपाछपीत मूल आत शिरतं, झाकण पडतं आणि आतून उघडत नाही. आत हवा किती थोडी असते! कडी-कुलूप लावा, नाहीतर झाकण काढून टाका. दोन मजली पलंग असेल तर सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. कोणताही पलंग खिडकीला लावून ठेवू नका.

ओल, रंग आणि वास

लोणावळ्याचा पाऊस आपल्याला नवा नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. त्या ओलीत लाकडाच्या भुशापासून बनवलेला बोर्ड फुगतो, त्यातले स्क्रू ढिले होतात, आणि वरून चकचकीत दिसणारा पलंग एक दिवस बसतो. तो घेताना खालून हात फिरवा. बोर्ड फुगलेला, भुसा गळणारा असेल तर नको म्हणा. चांगलं सामानही भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, म्हणजे मागे बुरशी धरणार नाही. बुरशीनं दम्याच्या मुलांचा त्रास वाढतो. नव्या बोर्डाला उग्र वास येतो तो त्यातल्या डिंकाच्या फॉर्मलडिहाइडचा. असं सामान उघड्यावर, पडवीत काही दिवस ठेवून मगच आत घ्या.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, करण्याचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या कॉटचे पोपडे निघत असतील तर ती बाळाला देऊ नका. दात येणारं बाळ कॉटची कडा चावतं, आणि शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. घरात घासकागदानं तो रंग काढू नका, धूळ पोटात जाते.

कपाटात आणि पेटीत आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक घटक कमी असतो. त्यांना या गोळ्यांच्या नुसत्या वासानंही कावीळ होते, रक्त फुटतं. बाळाच्या कपड्यांत त्या टाकू नका. कापूरही हाताशी ठेवू नका. तो खाल्ल्यानं मुलाला झटके येतात. जुन्या पलंगात ढेकूण असले तर उन्हात तापवा, फटींत उकळतं पाणी ओता. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात ठेवून ढेकूण मारू नका. त्यांच्या वायूनं झोपेत माणसं गेली आहेत.

मग घ्यायचं काय?

आमचं मत साधं आहे. मुलाला कमी उंचीचा, चार पाय भक्कम असलेला लाकडी पलंग, घट्ट गादी आणि नीट खोचलेली मच्छरदाणी पुरे. आपल्याकडे पावसाळ्यात फरशी ओली असते, विंचू-किरडू निघतं, म्हणून जमिनीवर झोपवण्यापेक्षा वीतभर उंची बरी. कपडे ठेवायला ड्रॉवरच्या कपाटापेक्षा भिंतीतलं फडताळ बरं.

वापरलेलं सामान घेण्यात कमीपणा नाही. पण 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना फेकलेलं उष्टं उचलणं सोडायला सांगितलं, ते फक्त अन्नापुरतं नव्हतं. दिलं म्हणून घ्यायचं, ही सवय सोडायची होती. मालकीणबाईंना विचारा, ‘‘जरा बघून घेते, ड्रॉवर उघडून पाहू का?’’ नको असेल तर ‘‘आमच्या घरात लहान मूल आहे, हे चालणार नाही,’’ एवढं म्हटलं तरी पुरतं. काम जाईल अशी भीती वाटत असेल तर सामान घेऊन या आणि मुलापासून दूर, पडवीत ठेवा. पण त्याच्या कोपऱ्यात न तपासलेली वस्तू नको.

एवढं करूनही मूल पडलं, डोक्याला लागलं, तर जखमेत हळद किंवा चहापत्ती भरू नका. स्वच्छ कपडा दाबून धरा. उलटी, गुंगी, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. सामान अंगावर पडलं असेल तर मूल रडून शांत झालं तरी डॉक्टरांना दाखवा. पोटातला मार बाहेरून दिसत नाही.

आज संध्याकाळी मुलाच्या कोपऱ्यात त्याच्या उंचीवर, गुडघ्यांवर बसा. त्याला काय ओढता येईल, कशावर चढता येईल, कशात शिरता येईल ते बघा. मोजपट्टी आणि एल पट्टी यांचा खर्च एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आहे. ज्यांच्या घरी पट्टी मारायला माणूस नाही, त्यांनी वस्तीतल्या महिला मंडळाला सांगावं. ड्रिल मशीन एक असली तरी ती दहा घरांत फिरू शकते.