काडतुसाचं नाव वाचायचं कसं?

मंडळी, जुन्या .३०३ काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असेल, तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातलं. हा कारखाना १८६९ पासूनचा! नावातलं .३०३ म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका:
🔸 .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची.
🔸 .३०-०६ मधलं ०६ म्हणजे १९०६ साल.
🔸 .३०-३० मधलं दुसरं ३० म्हणजे मूळची ३० ग्रेन दारू.
🔸 रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं, पिस्तुलाचं .३२ वेगळं.

म्हणून परवानाधारकांनो, ‘बसतंय ना’ म्हणून झाडायचं नाही. काडतुसाचं पूर्ण नाव हत्यारावरच्या खुणेशी जुळलंच पाहिजे.

आणि हो, माळ्यावरच्या पेटीत कळकलेली काडतुसं सापडली तर घासू नका, ठोकू नका. विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. थेट ११२ फिरवा.