*झोप लागत नाही? कशातच मन लागत नाही? हे वाचा*



सोयाबीन काढणीचा मेसेज उद्या सकाळी येईल. आज वेगळं सांगायचंय, शेवटपर्यंत वाचा.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या कपाशीवर गेलो होतो. तण गुडघ्याच्या वर, डवरणी नाही, कामगंध सापळे आणलेले पण घरातच पडलेले. मी बांधावरच सुनावलं, "भाऊ, एवढं दुर्लक्ष कसं काय?" ते काहीच बोलले नाहीत. निघताना वहिनींनी सांगितलं, दोन महिने झाले, रात्र रात्र जागे असतात, जेवत नाहीत, कोणी आलं की आत जाऊन बसतात. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं. आता त्यांचे उपचार चालू आहेत आणि यंदाची पेरणी त्यांनी वेळेवर केली.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक उडालेली, "मी नसलो तर घरच्यांचं बरं चालेल" अशी भाषा. याला नैराश्य म्हणतात. हा आळस नाही की बाहेरची बाधा नाही. बोलण्याने आणि गरज पडली तर गोळ्यांनी फरक पडतो.

अडचण कुठे येते ते तुम्हालाही माहीत आहे. डॉक्टर जिल्ह्याला. गाडीभाडं, बुडालेला दिवस, वर गावात चर्चा. म्हणून ही सेवा गावाजवळ यायला पाहिजे. आपल्या अमरावती जिल्ह्यातच ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं, अवघड रुग्ण तेवढे डॉक्टरकडे पाठवले. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण मदत घ्यायचे. दीड वर्षाने ते २७ झाले. अजून ७३ बाकी होतेच, पण डॉक्टर गावात राहायला न येता एवढं झालं, हे लक्षात घ्या.

*आत्ता काय करता येईल?*

📞 १४४१६, टेली-मानस. सरकारी, मोफत, दिवस-रात्र, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

घरात कोणाबद्दल शंका आली तर सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच फोन करा किंवा दवाखान्यात न्या. पोलीस केसच्या भीतीने उशीर तर अजिबात नको. २०१७ च्या कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

फवारणीची औषधं पेटीत, कुलूप लावून, चावी दुसऱ्याकडे. लागेल तेवढंच न्या. उरलेलं पुढच्या वर्षासाठी घरात साठवायची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडा.

*आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत* हा विषय मांडा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जवळच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी यावं, ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, आणि गोळ्या तिथेच मिळाव्यात. गोळ्या संपल्या म्हणून रुग्ण परत गेला की तो पुन्हा येत नाही. सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणं हा त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. आशाताईंना सोबत घ्या, कोणत्या घरी काय चाललंय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

कोणाचंही नाव गावच्या ग्रुपवर टाकू नका. मला वैयक्तिक मेसेज करा, तो माझ्याकडेच राहील.

ठरावाचा कच्चा मजकूर तयार आहे. हवा असेल तर याच नंबरवर *ठराव* लिहून पाठवा. ग्रामसभेच्या आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणून या आठवड्यातच मागून घ्या.

– तुमचा कृषी सल्लागार