आजींचे बोल वहीत उतरवा
जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं. पण जात्यावर, शेतात काम करताना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि एका आप्तानं ती टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली गाण्यांचं पुस्तक निघालं. टिपणं नसती तर ती गाणीही त्यांच्याबरोबरच गेली असती!

मैत्रिणींनो, आपल्या आजेसासूबाईंनाही ओव्या, म्हणी, कळण्याच्या भाकरीचं प्रमाण तोंडपाठ असतंच ना? दुपारची आवराआवर झाली की वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. बोली अहिराणी असो की लेवा, शब्द मात्र ‘शुद्ध’ करू नका हं!