प्रोसेसर जुना झाला म्हणून संगणक बदलावा काय?

आमच्या वसईतील वाड्यांतून पूर्वी विहिरीवर रहाट चालत असे, हे वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असेलच. केळीच्या शेवटच्या वाफ्यास पाणी पोहोचेनासे झाले, म्हणजे शहाणा वाडीवाला लागलीच बैल विकावयास काढीत नसे. माळेतील गाडगी फुटली आहेत काय, पाट कोठे झिरपत आहे काय, हे तो आधी पाही. आणि हे सर्व ठाकठीक असूनही बैलच थकलेला दिसला, तरच बाजाराची वाट धरी. घरातील जुन्या संगणकाविषयीही हाच क्रम पाळावा, असे आम्हांस सुचवावयाचे आहे.

शालान्त परीक्षेचे वर्ष जवळ आले, की पुष्कळ पालक आम्हांस विचारतात, “सर, घरचा संगणक सात-आठ वर्षांचा झाला. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर जुना आहे. नवा घ्यावा काय?” प्रश्न वाटतो तितका लहान नाही. मध्यम स्थितीच्या कुटुंबास ही रक्कम बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी राखलेल्या पैशातूनच काढावी लागते.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेबनीस. आज्ञा वाचणे, आकडेमोड करणे आणि उत्तर योग्य जागी ठेवणे, हे त्याचे काम. हे काम तो ठराविक ठोक्यांच्या तालावर करतो. 1971 साली निघालेल्या इंटेल 4004 या प्रोसेसरास सेकंदास सुमारे 7 लक्ष 40 हजार ठोके पडत. 2004 साली पेंटियम 4 ने 3.8 अब्ज ठोक्यांचा पल्ला गाठला, म्हणजे गती सुमारे 5,000 पट झाली. परंतु त्यापुढील वीस वर्षांत ती दुप्पटही झाली नाही. कारण गती वाढवावी, तो उष्णता अनावर होऊ लागे. तेव्हा कारागिरांनी प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकण्याची युक्ती काढली आणि एकाच प्रोसेसरात अनेक हिशेबनीस, म्हणजे कोअर, बसविले. चित्रफितींचे संपादन अथवा मोठे खेळ यांस त्या वाढीव कोअरांचा लाभ होतो. निबंध लिहिणे, पाठ ऐकणे, कोष्टके करणे यांस दहा वर्षांपूर्वीचा साधारण बरा प्रोसेसरही बहुधा पुरतो.

मग संगणक मंद का चालतो? याचे उत्तर संगणकच देतो. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांवरील भार टक्क्यांत दिसतो. काम अडले असेल, नेमक्या त्या क्षणी हे आकडे पाहावेत.

डिस्क 100 टक्क्यांवर आणि सीपीयू 20 टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बिचारा वाट पाहत बसला आहे, असे समजावे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. हवी ती माहिती शोधण्यास तीस सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीस याच कामी त्याच्याही सुमारे शंभराव्या हिश्शाइतकाच वेळ पुरतो. तेवढा एक भाग बदलला, की तोच संगणक पुन्हा चपळ झाल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. मेमरी भरून वाहत असेल, तर 4 जीबीच्या जागी 8 जीबी करावी. या दोन्ही दुरुस्त्या नव्या यंत्राच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतात.

सीपीयूच 100 टक्क्यांवर टेकला असेल, तरीही घाई करू नये. कोणता प्रोग्राम त्यास राबवीत आहे, ते त्याच यादीत दिसते. निरुपयोगी असेल तो काढून टाकावा. पंख्यात धूळ साचली, तर प्रोसेसर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच उतरवितो. त्यास नव्या सोबत्याची नव्हे, सफाईची गरज असते. उलटपक्षी, चार कोअरांपैकी एकच पूर्ण राबत असेल, तर एकूण आकडा 25 टक्क्यांच्या आसपासच दिसतो. म्हणून प्रत्येक कोअरचा आलेख निराळा पाहावा. एवढे करूनही नित्याच्या कामी प्रोसेसरच अपुरा पडत असेल, तर मात्र बैल थकला, हे मान्य करावे.

अशा वेळीही केवळ प्रोसेसर बदलणे नेहमी शक्य नसते. बहुतेक लॅपटॉपांत तो मुख्य पटलावर कायमचा जडविलेला असतो. टेबलावरील संगणकातही नव्या प्रोसेसरास पुष्कळदा नवे पटल आणि नवी मेमरी लागते. म्हणून सर्व खर्चाची बेरीज आधी कागदावर मांडावी.

यंत्र जलद असूनही बदलाचा विचार करावयास लावणारे एक कारण आहे, ते सुरक्षिततेचे. विंडोज 10 ची सर्वसाधारण सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 साठी इंटेलचा, सामान्यतः, आठव्या पिढीचा अथवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. ती पिढी 2017 साली निघाली. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, तो संगणक असंरक्षित ठेवणे म्हणजे दाराची कडी मोडलेली असता निर्धास्त झोपणे होय. तथापि येथेही दुसरी वाट आहे. लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या प्रोसेसरांवर उत्तम चालते. केवळ अभ्यासाकरिता संगणक हवा असल्यास ती अवश्य वापरून पाहावी.

बदल सार्थ केव्हा ठरतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. तेथील सी-डॅक या संस्थेने 2008 साली परम युवा हा महासंगणक उभारला आणि 2013 साली त्याची सुधारित आवृत्ती परम युवा 2 सिद्ध केली. गती 54 टेराफ्लॉप्सवरून 524 वर गेली. विजेचा खर्च मात्र सुमारे 35 टक्क्यांनी उतरला. लाभ असा मोजून दाखविता आला पाहिजे. दुकानदारासही आपण नम्रपणे विचारावे, “आमचे अमुक काम आज इतका वेळ घेते, नव्या यंत्रावर किती घेईल?” त्याचे उत्तर आकड्यांत मिळाल्यावाचून पैशाची पिशवी सोडू नये.

विद्यार्थिमित्रहो, बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त प्रभूने शुभवर्तमानात सांगितला आहे. तुमचे आईवडील पहाटेची लोकल गाठून अथवा वाडीत राबून जे मिळवितात, त्याचे तुम्हीही कारभारी आहात. म्हणून नव्या संगणकाचा हट्ट धरण्यापूर्वी आज सायंकाळी त्या तीन कळा दाबा, आकडे वहीत उतरवा आणि वडिलांसमोर ठेवा. यंत्र खरोखर थकले असेल, तर ती वहीच तुमची बाजू मांडील. नसेल, तर घरचा पैसा वाचेल आणि एक उपयोगी वस्तू अकाली भंगारात जाणार नाही.