धड्यांच्या चित्रफिती मोबाइलसाठी हलक्या करणे

दसरा-दिवाळी उलटली म्हणजे आपल्या जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात हंगाम संपेपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. जी मुले हंगामी वसतिगृहात अथवा आजीआजोबांजवळ गावीच राहतात त्यांची शाळा चालू राहते. जी आईबापांबरोबर फडावर जातात त्यांचा अभ्यास मात्र ऐन वर्षाच्या मध्यावर तुटतो. अलीकडे एक साधन त्यांच्या कोपीपर्यंत पोहोचले आहे. ते म्हणजे वडिलांच्या खिशातील मोबाइल.

२०२० साली शाळा बंद राहिल्या तेव्हापासून धड्यांच्या चित्रफिती पुष्कळ झाल्या आहेत. केंद्र शासनाच्या दीक्षा मंचावर २०१७ पासून असे साहित्य ठेवले जाते, आणि अनेक शिक्षक स्वतःचे पाठ स्वतःच चित्रित करतात. परंतु फडावर रेंज असेलच असा भरवसा नाही. यास्तव चित्रफिती गावातूनच मोबाइलमध्ये भरून देणे इष्ट होय. येथे अडचण येते ती वजनाची. मोठ्या पडद्यासाठी केलेली दहा मिनिटांची चित्रफीत सुमारे ३०० मेगाबाइट जागा घेते; वीस धडे म्हणजे सहा गिगाबाइट झाले. साध्या मोबाइलमध्ये एवढी मोकळी जागा क्वचितच असते, आणि जागा भरली की प्रथम कोणती वस्तू पुसली जाते हे निराळे सांगावयास नको.

हे वजन कमी कसे होते हे समजून घेण्यासारखे आहे. चलचित्र म्हणजे सेकंदाला पंचवीस स्थिरचित्रांची माळ. मोठ्या आकाराच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग जसाच्या तसा नोंदवला तर एका चित्रास सहा मेगाबाइटांहून अधिक जागा लागेल आणि दहा मिनिटांच्या पाठास सुमारे ९३ गिगाबाइट! अर्थात आपल्या हाती येणारी ३०० मेगाबाइटची चित्रफीतसुद्धा मूळच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी झालेली असते.

ही किमया साधते ती हजेरीपटाच्या रीतीने. महिन्याच्या आरंभी आपण सर्व विद्यार्थ्यांची नावे एकदा लिहितो. पुढे रोज नावे पुन्हा लिहीत नाही, फक्त हजर-गैरहजर एवढीच खूण करतो. तद्वत चित्रफितीत काही सेकंदांनी एक चित्र पूर्ण नोंदवतात आणि मधल्या चित्रांचा केवळ फरक नोंदवतात. फळा तोच, भिंत तीच. हलतो तो गुरुजींचा हात. म्हणून वर्गपाठ फार हलका होतो, आणि वाऱ्याने डोलणाऱ्या ज्वारीच्या शेताचे चित्रण तेवढेच लांब असूनही जड राहते. शिवाय मनुष्याच्या डोळ्यास उजेड-अंधाराचा भेद जितका सूक्ष्म कळतो तितका रंगाचा कळत नाही; म्हणून रंगाची नोंद विरळ ठेवली तरी चालते.

आणखी हलके करावयाचे तर उपाय दोन. पहिला, चित्राचा आकार घटवणे. ६४० गुणिले ३६० आकारात बिंदू मूळच्या नवव्या हिश्श्याइतकेच उरतात. दुसरा, दर्जाचा आकडा वाढवणे. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीसाठी जे साधन सर्रास वापरले जाते त्यात हा आकडा शून्यापासून ५१ पर्यंत असतो. काही न सांगितल्यास तो २३ धरला जातो, आणि सहाने वाढवला की वजन स्थूलमानाने निम्मे होते. २०१३ ची एच.२६५ ही पद्धत याहून काटकसरी आहे खरी. पण जुन्या व स्वस्त मोबाइलांवर ती अडखळते, कित्येकदा चालतच नाही. आपल्या कामास जुनीच पद्धत आणि एमपी४ ही फाईल बरी.

येथे शिक्षकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. काटकसरीत सर्वांत आधी बळी जातो तो अनुस्वाराचा. मोठ्या चित्रात नऊ बिंदू रुंदीचे टिंब लहान चित्रात तीन बिंदूंचे होते, आणि दर्जाही उतरवला तर ते पार्श्वभूमीत विरून जाते. मग ‘मंद’चे ‘मद’ होते आणि ‘वंश’चे ‘वश’. वाचता येणारा मनुष्य संदर्भाने सावरून घेतो. पहिलीचे मूल जे दिसते तेच शिकते. रफार आणि अपूर्णांकातील लहान अंक यांचीही हीच गत होते. म्हणून जेथे फळ्यावर लेखन आहे तेथे चित्राची उंची ४८० बिंदूंखाली नेऊ नये व दर्जाचा आकडा २६ पुढे ढकलू नये. केवळ गोष्ट किंवा कविता असेल तर ३६० आणि २८ पुरेत. लेखनाच्या पाठात काटकसर हवीच असेल तर सेकंदाला पंचवीसऐवजी पंधरा चित्रे ठेवावीत. हात थोडा झटक्याने हलेल, अक्षर मात्र शाबूत राहील. आवाजाबाबत कद्रूपणा करण्यात अर्थ नाही. एकेरी ध्वनी सेकंदाला ६४ किलोबिट ठेवला तर दहा मिनिटांस पाच मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत. एवढे केले की ३०० मेगाबाइटचा वर्गपाठ पस्तीसच्या आसपास येतो.

एकेक चित्रफीत हाताने बदलत बसणे शिक्षकास परवडणारे नाही. हँडब्रेक या मोफत साधनात संपूर्ण फोल्डर एकदम रांगेत लावता येतो. ज्यांस संगणकाची फारशी सवय नाही त्यांनी तेच वापरावे. ज्यांस थोडी सवय आहे त्यांनी २००० साली सुरू झालेले एफएफएमपेग घ्यावे. ‘आलेले’ आणि ‘तयार’ असे दोन फोल्डर करून चार-पाच ओळींची आज्ञावली लिहावी: ‘आलेले’मधील प्रत्येक फाईल पाहा, त्याच नावाची फाईल ‘तयार’मध्ये असेल तर पुढे जा, नसेल तर हलकी करून तेथे ठेव. ही आज्ञावली रोज रात्री ठरावीक वेळी आपोआप चालू होईल अशी व्यवस्था संगणकात असतेच. शाळेतील जुन्या संगणकास हे काम जड जाते, म्हणून रात्रीची वेळ सोयीची.

मात्र रात्री वीज गेली तर अर्धवट फाईल ‘तयार’मध्ये पडून राहते, आणि दुसऱ्या रात्री संगणक ती पूर्ण झाली असे समजून पुढे जातो. याकरिता काम चालू असता फाईलला तात्पुरते नाव द्यावे व पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे, असे आज्ञावलीत लिहावे. मूळ आकार आधीच लहान असेल तर तो वाढवू नये, हीही अट घालावी; वाढवल्याने स्पष्टता येत नाही, वजन मात्र येते. हलकी केलेली फाईल पुन्हा हलकी करू नये. दरवेळी काही तपशील कायमचा जातो, म्हणून मूळ प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर जपावी.

चित्रफिती निवडताना स्वतः केलेल्या किंवा मुक्त परवान्याच्याच घ्याव्यात. मोबाइलमध्ये भरताना मेमरी कार्ड अथवा पेन ड्राइव्ह वापरावा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेला व्हिडिओ ते पुन्हा दाबते आणि जपलेला अनुस्वार तेथे जातो. पाठवणे भागच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. टोळी निघण्यापूर्वी आठवडाभर आधी गावातील सर्वांत स्वस्त मोबाइल मागून घ्यावा, त्यावर एक पाठ लावावा आणि दुसरीतील एखाद्या मुलीस फळ्यावरील शब्द मोठ्याने वाचावयास सांगावे. ती अडखळली तर आकडा दोनने उतरवून त्या रात्री सर्व पाठ पुन्हा मूळ प्रतीवरून करावेत.