मुंबईची गोदी आणि सागवानी जहाजे

मुंबईच्या भाग्योदयाची हकिकत सांगू लागले म्हणजे गिरण्या, कापसाच्या पेढ्या आणि आगगाडी यांची नावे प्रथम जिभेवर येतात. परंतु यांतले काहीही अस्तित्वात येण्यापूर्वी शंभर वर्षे, कोटाच्या समुद्राकडील अंगास एका गोदीचा पाया पडला होता, आणि या नगरीची कीर्ती सातासमुद्रापार प्रथम गेली ती तिच्या जहाजांबरोबर, असे मला निश्चयाने वाटते. सुरतेस जहाजे बांधणारा लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर १७३६ साली कुंपणी सरकारच्या बोलावण्यावरून काही सुतार बरोबर घेऊन मुंबईस आला, आणि पुढे दीड शतकाच्या आसपास मुख्य मिस्त्रीचे काम त्याच्याच घराण्याकडे राहिले.

या बंदरास निसर्गाने एक मोठे देणे दिले आहे. उधाणाच्या दिवसांत येथील पाणी दोन पुरुषांहून अधिक चढते व तितकेच उतरते. म्हणून १७५० च्या सुमारास येथे जी सुकी गोदी बांधली गेली, तिच्यात भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावे, ओहोटीने पाणी उतरले की दरवाजे लावून घ्यावेत, आणि उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी निवांतपणे करावी, अशी सोय झाली.

दुसरे देणे मलबारच्या सागाचे. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे झिजतात. सागातील तेलाने ते सुरक्षित राहतात, शिवाय कीडही लाकडाला सहसा लागत नाही. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओक दुर्मिळ झाला, तेव्हा तेथील आरमाराने मुंबईकडे पाहिले. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१० साली चौऱ्याहत्तर तोफांचे ‘मिंडन’ पाण्यात उतरले; १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’ उतरले, आणि याच जहाजावर १८४२ साली इंग्रज व चिनी बादशाही सरकार यांच्यात नानकिंगचा तह झाला. बांधणीच्या प्रारंभी पारशी मंडळी रुप्याचा खिळा ठोकून विधी करीत, मग ते जहाज इंग्रजांच्या राजाचे का असेना!

‘त्रिंकोमाली’ची कथा तर विशेष मनोवेधक आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज १८१२ साली अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या झुंजीत नष्ट झाले. नकाशे पुन्हा करून पाठवावे लागले, आणि १८१७ च्या ऑक्टोबरात ती तयार झाली तोवर युद्धच संपले होते. जिच्यासाठी घाई केली, तिला इंग्लंडात पोचल्यावर कित्येक वर्षे नुसती उभी ठेवण्यात आले. पण मुंबईच्या सुतारांनी घडवलेली तीच नौका इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर तरंगत आहे, आणि ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत तिच्याहून जुनी दुसरी नाही.

वाडिया मंडळींना सरकारकडून शाली आणि इनामी जमिनी मिळाल्या, आणि त्या त्यांनी न्यायाने मिळवल्या होत्या. परंतु ज्या शेकडो सुतार-लोहारांनी वासे तासले, त्यांची नावे इतिहासात आली नाहीत याचे मला वाईट वाटते. पुढे वाफेने शिडाची जागा घेतली, लोखंडाने सागाची. या घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांनी मात्र ते नवे यंत्रही आपलेसे केले: १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात त्यांनी गॅसचे दिवे लावले, १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले, आणि कुंपणीच्या मुंबईतील बाष्पयंत्र कारखान्यात ते मुख्य अभियंता झाले, तेव्हा युरोपियन कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले.