उंबरठा ज्याचा त्याचा

बालवाडीत प्रार्थनेला झांजा वाजल्या की एक मूल कानांवर हात घट्ट दाबून धरतं. त्याच ओळीतलं दुसरं शेजाऱ्यावर रेलतं, धडकतं. पहिलं हट्टी ठरतं, दुसरं दांडगट. खरं तर दोघांचेही उंबरठे निराळे आहेत. बुटक्या उंबरठ्याच्या घरात थोड्या पावसानेही पाणी शिरतं, उंच उंबरठ्याच्या घरात सर येऊन गेली तरी पत्ता लागत नाही. संवेदनांचंही तसंच. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी संवेदनांच्या या अभ्यासाचा पाया घातला.

पंचेंद्रियांखेरीज आणखी दोन संवेदना इथे महत्त्वाच्या. आतल्या कानातून तोल कळतो, तर स्नायू आणि सांधे हातपाय कुठे आहेत, किती जोर लावायचा हे सांगतात. धडकणारं मूल बहुधा हाच जोर शोधत असतं.

म्हणून आधी आठवडाभर नुसतं बघा आणि टिपून ठेवा : त्रास कधी होतो, त्याआधी काय घडलं होतं?

मग धडकणाऱ्याला गोष्टीला बसवण्याआधी पाच-दहा मिनिटं जोराचं काम द्या. सतरंज्या उचलणं, पाण्याची छोटी बादली नेणं, भिंत दोन्ही हातांनी ढकलणं. स्नायूंना काम मिळालं की अनेक मुलं निवांत बसतात. झोका संथ, पुढे-मागे असेल तर शांतवतो. गरगर फिरवलं की मूल चेकाळतं.

कान झाकणाऱ्याला झांजा वाजण्याआधी सांगा, दाराजवळ बसू द्या. कधी झांज त्याच्याच हाती द्या. आपण केलेला आवाज अचानक अंगावर येत नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंज्या तो थोडा शोषून घेतात.

ओल्या मातीला हात न लावणाऱ्यावर सक्ती नको. आधी कोरडी वाळू, मग मळलेली कणीक, मग चिखल. शेजारी हात पुसायला फडकं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून शैक्षणिक साधनं घडवली, त्यामुळे महागड्या खेळण्यांवाचून अडत नाही. अशा वस्तूंपैकी चिंचोके मात्र मोठ्यांच्या नजरेसमोरच. ते नाकात जातात.

एका कोपऱ्यात गोधडी आणि उशी ठेवा. तिथे मूल आपणहून जाईल, शिक्षा म्हणून कधीच नाही.

एवढं करूनही खाणं, झोप, खेळ अडत असेल, तर पालकांशी बोला, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते. तेव्हा आठवडाभराच्या त्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवा.